बोल्ट किती आवळावा?

मंडळी, आपली गावे जुनी आहेत. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ, बेलापूर. पूर्वी इथे भातशेती होती, मिठागरे होती, खाडीत मासेमारी चाले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहिले. १९७० साली सिडको निघाली आणि नवी मुंबई वसू लागली. नांगर धरणाऱ्या हातांत पाना आला. आज आपल्यापैकी कुणी कारखान्यात हेल्पर आहे, कुणी टेंपो चालवतो, कुणी वाशीच्या बाजारात येणाऱ्या ट्रकांची चाके बदलतो. या सगळ्या कामांत एक वस्तू रोज हाती येते. ती म्हणजे बोल्ट.

बोल्ट आवळताना पुष्कळ जण म्हणतात, "जितका घट्ट तितका चांगला. मार जोर!" हे बोलणे खरे आहे का? आज आपण तेच पाहू.

बोल्ट म्हणजे पोलादी दोरी

भाताचा भारा बांधताना आपण दोरी ताणून गाठ मारतो. दोरी सैल राहिली तर भारा वाटेत सुटतो. फार ओढली तर दोरी तटकन तुटते. बोल्टाचेही तसेच आहे. नट फिरवला की बोल्ट ताणला जातो. केसाच्या जाडीएवढा तो लांब होतो. मग तो रबरासारखा परत आखडू पाहतो. त्यामुळे मधले दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. जोड टिकतो तो या दाबामुळे.

बोल्ट सैल राहिला तर काय होते? गाडीच्या हादऱ्याने तुकडे सरकू लागतात. बोल्ट कधी इकडे, कधी तिकडे वाकतो. आपण तार वाकवून वाकवून तोडतो ना? तसाच तो एक दिवस तुटतो. चाकाचा एक बोल्ट तुटला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो. मग तेही तुटतात. धावत्या ट्रकचे चाक निखळले तर आतल्यांचे काय आणि रस्त्याने चालणाऱ्या पोराबाळांचे काय?

आणि फार आवळला तर? बोल्ट ताकदीबाहेर ताणला जातो. जुन्या इलॅस्टिकसारखा तो लांबच राहतो. कधी आटे मोडतात. वरून तो धड दिसतो, पण त्याचा दम संपलेला असतो. जादा भार आला की तुटतो. म्हणजे सैल वाईट आणि अति घट्टही वाईट.

पीळ कसा मोजतात?

बोल्ट आवळताना आपण त्याला पीळ देतो. कारखान्यात या पिळाला 'टॉर्क' म्हणतात. हाताचा जोर आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार केला की पीळ मिळतो. पाना एक मीटर लांब असेल आणि टोकाला एक किलोचा जोर लावला, तर पीळ सुमारे १० न्यूटन-मीटर होतो. न्यूटन-मीटर हे पिळाचे माप आहे, जसे धान्याला किलो, दुधाला लिटर.

आता पाहा. पाना तोच, हात तोच, पण पान्याला पाइप लावून लांबी दुप्पट केली, तर पीळही दुप्पट होतो. हाताला मात्र ते कळत नाही. म्हणून पान्याला पाइप लावून बोल्ट आवळू नये.

माथ्यावरचे आकडे वाचा

तुम्ही आता आकडे वाचायला शिकला आहात. ते इथे उपयोगी पडतात. पोलादी बोल्टाच्या माथ्यावर बारीक आकडे उठवलेले असतात. ४.६ किंवा ८.८. ते इंग्रजीत असतात. इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन शून्ये.

पहिल्या आकड्याला दहाने गुणा. बाजरीच्या दाण्याहून लहान अशा एक चौरस मिलिमीटर जागेवर बोल्ट सुमारे तितक्या किलोंची ओढ सोसतो. त्यापुढे तो तुटतो. ८.८ चा बोल्ट ८० किलो सोसतो, ४.६ चा ४० किलो. दुसरा आकडा सांगतो की, तुटण्याआधी तो कायमचा लांब केव्हा होऊ लागतो. ८.८ मध्ये ८० च्या शंभरातले ८० हिस्से, म्हणजे ६४ किलोंवर. ४.६ मध्ये ४० च्या शंभरातले ६० हिस्से, म्हणजे २४ किलोंवर.

दोन्ही बोल्ट दिसायला सारखे असतात. पण एकाला योग्य असलेला पीळ दुसऱ्याचा घात करतो. कोऱ्या, कोरड्या बोल्टांसाठी हा अंदाज पाहा.

१० मिलिमीटर जाड बोल्ट: ४.६ ला सुमारे २०, ८.८ ला सुमारे ५० न्यूटन-मीटर.
१२ मिलिमीटर जाड बोल्ट: ४.६ ला सुमारे ३४, ८.८ ला सुमारे ८८ न्यूटन-मीटर.
१६ मिलिमीटर जाड बोल्ट: ४.६ ला सुमारे ८५, ८.८ ला सुमारे २१५ न्यूटन-मीटर.

पाव मीटर लांबीचा पाना घेतला, तर १२ मिलिमीटरच्या ४.६ बोल्टाला १४ किलोचा जोर पुरतो. ८.८ ला ३६ किलोचा लागतो. केवढा फरक! यंत्राच्या किंवा गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा धरावा. आपला अंदाज त्यापुढे चालवू नये.

तेल आणि गंज

आपण लावलेला सगळा पीळ बोल्ट ताणण्याच्या कामी येत नाही. रुपयातले सुमारे नव्वद पैसे घासण्यातच जातात. नटाखाली घास, आट्यांत घास. उरलेल्या दहा पैशांत बोल्ट ताणला जातो. म्हणून घास बदलली की हिशेब बदलतो. आट्यांना तेल लावले तर त्याच पिळात बोल्ट तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताणला जाऊ शकतो. गंज असेल तर उलटे होते. पाना सांगतो "झाले", पण जोड सैलच असतो. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे. बोल्ट लवकर गंजतो. आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. गंजून झिजलेला बोल्ट फेकून द्यावा. पुस्तकात सांगितले असेल तरच तेल लावावे.

चाक बसवताना

चाकाचे नट ओळीने आवळू नयेत. एक आवळला की समोरचा आवळावा. सगळे नट दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावेत. नाहीतर चाक तिरके बसते. गाडी जॅकवर असताना नट नुसते बसवून घ्यावेत. चाक जमिनीला टेकले की टॉर्क पान्याने शेवटचा पीळ द्यावा. टॉर्क पान्यावर आकडा लावता येतो. तेवढा पीळ झाला की पुष्कळ पाने "टक" असा आवाज करतात. तिथे थांबावे. गाडी ५० ते १०० किलोमीटर चालली की नट पुन्हा तपासावेत.

टॉर्क पान्याने नट सोडू नये, नाहीतर त्याचे माप बिघडते. काम झाले की त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा.

कुणी म्हणेल, "मास्तर, आमचे मिस्तरी हाताच्या अंदाजाने आवळतात." मिस्तरींचा हात मोठा, त्यांना मान द्यावा. पण दमलेला हात संध्याकाळी सकाळसारखा चालत नाही. लिहिलेला आकडा मात्र दमत नाही. म्हणून आधी वाचावे, मग आवळावे.

प्रश्न

१. सैल बोल्ट का तुटतो?
२. ४.६ आणि ८.८ यांतला कोणता बोल्ट जास्त मजबूत?
३. पाना अर्धा मीटर लांब आहे. टोकाला १८ किलोचा जोर लावला. पीळ किती झाला? तो १२ मिलिमीटरच्या कोणत्या बोल्टाला चालेल?
४. घरातल्या किंवा गाडीच्या तीन बोल्टांचे आकडे वाचून वहीत लिहा.