येशूला आश्चर्य कशाचे वाटले?

प्रश्न : नासरेथच्या लोकांच्या अविश्वासाचे येशूला आश्चर्य वाटले, असे मार्कच्या शुभवर्तमानात (६:६) आहे. ज्याला सगळे ठाऊक, त्याला आश्चर्य कसे वाटेल?

उत्तर : येशूच्या करणीने थक्क होणारी माणसे शुभवर्तमानांत पानोपानी भेटतात. स्वतः येशू थक्क झाल्याचे मात्र दोनच प्रसंग आहेत. एक तुम्ही विचारलेला. दुसरा कफर्णहूमचा (मत्तय ८:१०, लूक ७:९). तिथला शताधिपती यहुदी नाही, परका. तो म्हणतो, माझ्या घरी यायचीही गरज नाही. तुम्ही नुसता शब्द बोला, माझा चाकर बरा होईल. त्या विश्वासाने येशू चकित होतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच, ‘थाउमाझो’.

आता नासरेथचे सभास्थान डोळ्यांपुढे आणा. शिकवण ऐकून लोक आधी अचंबित होतात. मग कुजबुज सुरू होते : हा तर आपला सुतार, मरियेचा मुलगा! याचे भाऊ कोण, बहिणी कुठे राहतात, सगळे माहीत. त्या ओळखीपाशीच त्यांचा अचंबा अडतो आणि रागात बदलतो. जवळच्यांनीच दार लावून घ्यावे, हे मला फार चटका लावणारे वाटते.

तुमच्या शंकेबद्दल : ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू देव तसाच पूर्ण माणूसही. त्याला भूक लागते, लाजराच्या थडग्यापाशी रडू येते, आश्चर्य त्यातलेच. मार्क ते लपवत नाही.

याच वचनाचा उत्तरार्धही वाचा. तो आसपासच्या गावांतून शिकवत फिरू लागला.