"सगळं ठीक आहे, ताई"

लांज्यात बरीच वर्षं समुपदेशन केल्यावर शिकाऊ मुलींचं सुपरव्हिजन माझ्याकडे आलं. जे येतं ते शिकवायचं, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं.

पहिल्याच बैठकीत एकीने दारुड्या नवऱ्याला कंटाळलेल्या बाईची केस मांडली. पाच मिनिटांत मी तिचं बोलणं तोडलं. "असं विचारतात का? राहू दे, पुढच्या वेळी मी बसते." मी बसले, बाई मोकळेपणी बोलली, मी खूश. तेव्हापासून त्या मुलीची वही एकदम नीटनेटकी झाली. कधीही विचारा, उत्तर एकच : "सगळं ठीक आहे, ताई."

एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं. दहावीतला एक मुलगा तिला म्हणाला होता, "जगून काय करू?" आठ दिवसांपूर्वी! वहीत एवढंच होतं : 'मुलगा निराश. धीर दिला.' मी पाहत राहिले, तशी ती म्हणाली, "तुम्ही रागावाल म्हणून..." त्याच दिवशी मुलाला भेटलो, त्याला सांगून आईवडिलांना बोलावलं, रत्नागिरीला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मुलगा सुखरूप आहे. पण ते आठ दिवस माझ्या खात्यावर आहेत. लपवायला तिला मीच शिकवलं.

म्हणून या कामात येणाऱ्यांना सांगते. आधी आपली एखादी फसलेली केस सांगा, मग "कुठे अडलीस?" विचारा. सारांशावर भागवू नका. 'तो म्हणाला, मी म्हणाले' असा दहा मिनिटांचा संवाद जसाच्या तसा लिहून आणायला लावा. जिवाचा धोका वाटला, तर बैठकीची वाट न पाहता रात्रीअपरात्रीही फोन करायचा, हे पहिल्या दिवशीच ठरवा. 'टेली मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भिंतीवर लावा. तो मोफत आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो. लहान गावात मात्र केस मांडताना नुसतं नाव गाळून चालत नाही. वाडी आणि नवऱ्याची नोकरी सांगितली की माणूस ओळखू येतो. एसटी स्टँडवर चहा पिताना केसचा विषय काढू नका.

मीही आता महिन्यातून एकदा माझी वही घेऊन माझ्या सुपरव्हायझरसमोर बसते. तुमच्या हाताखालच्या मुलीची वही महिनाभर बिनचूक दिसली, तर शाबासकी देण्याआधी आठवून पाहा : शेवटचं आपण तिच्यावर कधी डाफरलो होतो?