कंबरदुखी, दबलेली शीर आणि सुईचे उपचार

भाताची लावणी आटोपली की गावोगाव कंबर धरून चालणारी माणसे दिसू लागतात. उसण भरली म्हणून कोणी पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतो, तर कोणी बिब्बा घालून कातडी भाजून घेतो. साधी उसण बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपणच ओसरते आणि नाव पायाळूचे होते!

परंतु कळ कुल्ह्यातून मांडीमागे, पोटरीत, थेट पावलापर्यंत वीज चमकावी तशी उतरत असेल, तर ते शिरेचे दुखणे समजावे. येथे शीर म्हणजे रक्ताची नव्हे, मज्जातंतू. यालाच सायटिका म्हणतात. दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. तिचे वेष्टन चिवट व आतला गर मऊ असतो. वेष्टन फाटले की गर बाहेर येऊन शिरेला टेकतो. बहुतेक वेळा कमरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांपैकी एकीचा हा प्रकार असतो. बोस्टनच्या मिक्स्टर व बार या डॉक्टरांनी १९३४ साली हे कारण जगापुढे मांडले.

समाधानाची गोष्ट अशी की, बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. बहुतेक रोगी दीड ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून सुधारतात. मात्र अंथरुणाला खिळून राहू नये. झेपेल तेवढे चालावे. एम.आर.आय.मध्ये 'गादी सरकली' असे लिहून आले म्हणून धीर सोडू नये. कंबर मुळीच न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांची तपासणी केली, तरी निम्म्याहून अधिकांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात.

हल्ली शहरांत 'बिनटाक्याचे' उपचार मिळतात. एकात क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत शिरेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. नव्या सायटिकेत त्याने काही आठवडे कळ कमी होऊ शकते, पण गादी काही जागेवर जात नाही. दुसऱ्यात मणक्यांच्या सांध्यांकडून वेदना नेणारे बारीक तंतू सुईच्या टोकाने, रेडिओलहरींच्या उष्णतेने बधिर करतात. ते तंतू काही महिन्यांनी पुन्हा वाढतात. तिसरा प्रकार दुर्बिणीचा. सुमारे एक सेंटिमीटरच्या छेदातून नळी घालून गराचा तुकडा काढतात. ही शस्त्रक्रियाच होय, छेद तेवढा लहान.

गाय विकून किंवा सोसायटीचे कर्ज काढून हे करावे काय? तीन महिन्यांहून जुन्या, कर्करोगाशी संबंध नसलेल्या पाठीच्या दुखण्यात अशी इंजेक्शने व उष्णतेचे उपचार करू नयेत, अशी स्पष्ट शिफारस २०२५ साली बी.एम.जे. या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या मंडळाने केली. वेदनातज्ज्ञांपैकी अनेकांना ती मान्य नाही. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारावे: माझे दुखणे सांध्याचे की शिरेचे? आराम किती दिवस टिकेल? न टिकल्यास पुढे काय? विचारण्यात संकोच कसला? मधुमेह असल्यास आधी सांगावे, कारण स्टेरॉइडने साखर काही दिवस चढते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही घालवू नये. लघवी तुंबणे, लघवी वा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा, दोन्ही पाय लुळे पडणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच रात्री गाडी करून मोठ्या इस्पितळात जावे. तेथे तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते, आणि उशीर झाल्यास गेलेला ताबा कायमचा जातो. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. आपल्या देशात तो अजून आढळतो, आणि औषधांनी बरा होतो.

दुखणे उतरू लागले की पोट व पाठीचे व्यायाम शिकून घ्यावेत. पोते उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, पोते छातीशी धरावे, आणि पेलून वळताना कंबर न पिळता पावले वळवावीत. भांगलणीत दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. आणि मिस्सेच्या वेळी गुडघे टेकणे होत नसेल तर बाकावर बसून राहावे. फादर काही म्हणणार नाहीत.