व्हर्दीचीं संगीत नाटकें आणि सेन्सॉरची लेखणी

ज्युसेपे व्हर्दी (१८१३–१९०१) ह्या इटालियन संगीतकाराचें नांव युरोपीय संगीताच्या इतिहासांत अग्रभागीं आहे. पूर्वींचीं नाटकें सुधारून नव्या नांवानें केलेलीं धरल्यास त्याच्या नाट्यकृतींची संख्या २८ भरते. त्या सर्वांची नुसती नामावळी देण्यांत आम्हांस स्वारस्य वाटत नाहीं. येथें एकाच प्रश्नाचा विचार करूं: बंधनाखालीं काम करणाऱ्या कलावंतानें काय सोडून द्यावें, आणि काय सोडूं नये?

आपल्या संगीत नाटकांत पात्रें गद्यांत बोलतां बोलतां पद म्हणूं लागतात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतला'पासून ही रीत परिचयाची आहे. व्हर्दीच्या ऑपेरांत गद्य जवळजवळ नसतेंच. साधा निरोपहि गाऊनच सांगावयाचा, आणि रंगमंचापुढील वाद्यवृंदानें पात्राच्या मनांतील न बोललेलें बोलून दाखवावयाचें.

व्हर्दी हा खेड्यांतील एका खानावळवाल्याचा मुलगा. १८३२ सालीं मिलानच्या संगीतशाळेनें त्यास प्रवेश नाकारला. पुढें दोन वर्षांच्या आंत दोन्ही मुलें व पत्नी मृत्यूनें हिरावून नेलीं, आणि त्याच १८४० सालीं त्याचें विनोदी नाटक पहिल्याच रात्रीं पडलें. १८४२ सालच्या 'नाबुको'नें मात्र त्याची कीर्ति सर्व इटलीभर पसरली.

त्या काळीं इटली एकसंध नव्हती. व्हेनिस व मिलान ह्या शहरांवर ऑस्ट्रियाचा अंमल होता, आणि प्रत्येक नाटकाची संहिता प्रथम सेन्सॉरकडे धाडावी लागे. १८५० सालीं व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहासाठीं व्हर्दीनें व्हिक्टर ह्यूगोचें एक नाटक निवडलें. हें नाटक १८३२ सालीं पॅरिसमध्यें एकदांच होऊन बंद पडलें होतें. कारण उघड होतें: त्यांत फ्रान्सचा राजा स्त्रीलंपट दाखविला आहे. त्याचा कुबडा विदूषक, जिच्या अब्रूवर घाला पडला अशा मुलीच्या बापाची टर उडवितो. तो बाप त्यास शाप देतो. आणि पुढें राजा त्या विदूषकाच्याच मुलीस भ्रष्ट करतो. (आपल्याकडे 'कीचकवधा'वर १९१० सालीं बंदी आली, ती हकीकत वाचकांस ठाऊक असेलच. सत्ताधीशांस रंगभूमीची धास्ती वाटणें हें कांहीं एकाच देशाचें वैशिष्ट्य नव्हे.)

डिसेंबरांत लष्करी गव्हर्नरानें नाटकास साफ मनाई केली. तेव्हां पद्यलेखक पियावे ह्यानें एक निरुपद्रवी संहिता तयार केली. तींत राजा गेला, कुबड गेलें, आणि मुलीचें शरीर ज्यांत घालतात तें पोतेंहि गेलें! व्हर्दीनें ती नाकारली. त्याच्या मतें बाहेरून विद्रूप व हास्यास्पद, पण अंतरीं मायेनें भरलेला बाप हाच विषयाचा प्राण होता. अखेर तडजोड झाली. फ्रान्सच्या राजाच्या जागीं मांतुआचा ड्यूक आला, विदूषकाचें नांव रिगोलेत्तो झालें. पण कुबड, शाप आणि पोतें राहिलें. ११ मार्च १८५१ रोजीं 'रिगोलेत्तो'चा पहिला प्रयोग झाला.

पोत्यासाठीं एवढा हट्ट कां? शेवटचा अंक पाहावा. ड्यूक एका खानावळींत स्त्रियांच्या चंचलपणावर एक उडतें गाणें म्हणतो. चाल इतकी सोपी कीं ऐकणारा ती गुणगुणतच घरीं जातो. रिगोलेत्तोनें पैसे देऊन ड्यूकच्या खुनाची सिद्धता केलेली असते. मध्यरात्रीं मारेकरी त्याच्या हातीं पोतें देतो. सूड पुरा झाला, ह्या आनंदांत तो तें नदींत टाकणार, इतक्यांत दुरून तेंच गाणें ऐकूं येतें. ड्यूक जिवंत आहे! मग पोत्यांत कोण? तो तें फाडतो, वीज चमकते, आणि ड्यूकसाठीं स्वतःचा जीव देणारी त्याची मरणोन्मुख कन्या दृष्टीस पडते. एवढी भयंकर बातमी एका उनाड चालीनें सांगावी, ही योजना आम्हांस विलक्षण वाटते. पोतें काढलें असतें तर त्या चालीस अर्थच उरला नसता.

असाच वाद १८५८ सालीं नेपल्समध्यें झाला. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव्ह ह्यावर १७९२ सालीं मुखवट्यांच्या नृत्यसमारंभांत गोळी झाडली गेली, हा तेथील विषय. नेपल्सच्या सेन्सॉरनें सांगितलेले फेरफार व्हर्दीनें धुडकावले आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलें. पुढें १८५९ सालीं रोममध्यें प्रयोग झाला तो राजास अमेरिकेंतील बॉस्टनचा गव्हर्नर बनवूनच. ही तडजोड आम्हांस पटत नाहीं. त्या भपकेदार दरबारी संगीतास वसाहतींतलें बॉस्टन शोभत नाहीं.

पुढील काळानें ह्या दोन तडजोडींचा निवाडा निराळा केला आहे. दुसऱ्या नाटकाचे प्रयोग करतांना आज पुष्कळ नाट्यगृहें बॉस्टन टाकून स्वीडनचा दरबार परत आणतात. रिगोलेत्तोचा धनी मात्र मांतुआचा ड्यूकच राहिला आहे.