पुढच्या सीटिंगला जाण्याआधी

मुंबई

चि. छकुलीस,


परवा तुझ्याशी फोनवर बोलताना मागून तुझ्या आईचा, म्हणजे वहिनींचा, आवाज ऐकू येत होता: "होतं ते बरं होतं, आता पार काळंनिळं करून ठेवलं पोरीचं तोंड." तुझाही धीर सुटल्यासारखा वाटला. त्वचारोग विभागात परिचारिका म्हणून मी आयुष्य काढलं, तेव्हा या बाबतीत तुला नीट सांगणं माझं कामच आहे. पत्र वहिनींनाही वाचून दाखव.

पहिली गोष्ट, लेझरनंतर ते काळंनिळं पडणं म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण आहे. तुझा गालावरचा डाग म्हणजे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जन्मापासून रुंदावलेलं जाळं. डॉक्टर त्याला पोर्ट वाइन स्टेन म्हणतात. पल्स्ड डाय लेझरमधून साधारण 595 नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश निघतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, वाहिनी आतून तापते, बंद पडते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तिचा निचरा करतं. प्रत्येक झोत क्षणाच्याही बारीक भागापुरता असतो, म्हणून उष्णता वाहिनीतच राहते आणि आजूबाजूची कातडी वाचते. ही कल्पना अमेरिकेतल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या डॉक्टरांनी 1983 मध्ये मांडली. त्याआधी आर्गॉन लेझर वापरत, त्याने व्रण राहत. थोरांच्या मनातली भीती बरीचशी त्या काळातली आहे.

तू म्हणालीस, आधी गार फवारा बसतो आणि पाठोपाठ ताणलेलं रबर सुटावं तसा चटका. तो फवारा वरची कातडी भाजू नये म्हणूनच असतो. गालावर ओळीने उमटलेला एकेक जांभळा गोल म्हणजे एकेक झोत. सात ते चौदा दिवसांत ते उतरतात. तोवर थंड पाण्याची घडी ठेव, व्हॅसलिनचा पातळ हात फिरव, चोळू नकोस, खपली धरली तर नख लावू नकोस. हळद, तुरटी, लिंबू, कुणी दिलेला पाला, यातलं काहीही गालाला लागता कामा नये. मोठे फोड आले, पाणी किंवा पू दिसू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

आता वहिनींसाठी. तू पोटात असताना ग्रहणात त्यांनी विळी हातात घेतली, म्हणून हा डाग आला, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि इतकी वर्षं त्या ते ओझं वाहताहेत. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी याचं कारण दाखवून दिलं. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या जीएनएक्यू नावाच्या जनुकात आपोआप बदल होतो आणि त्या पेशीपासून वाढलेल्या भागातच डाग उमटतो. आईने काय खाल्लं, काय चिरलं, कुठे पाहिलं, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हा बदल आईबापांकडून आलेला नसतो, आणि तुझ्यासारखा एकटादुकटा डाग सहसा पुढच्या पिढीतही जात नाही. दर हजार बाळांमागे साधारण तिघांना असा डाग असतो. वहिनी, तुमचा यात काहीही दोष नाही. हे मी तुम्हाला नर्स म्हणून सांगते आहे, नणंद म्हणून समजूत घालत नाही.

छकुली, आता अपेक्षेबद्दल स्पष्ट लिहिते. डाग पूर्णपणे जाणारे लोक थोडे असतात. बहुतेकांचा फिका होतो, कुणाचा बराच, कुणाचा थोडा. कपाळ, गालाची कड आणि मान लवकर दाद देतात, गालाचा मधला भाग आणि वरचा ओठ हट्टी असतो, आणि तुझा डाग नेमका तिथे आहे. सुरुवातीच्या सीटिंगमध्ये फरक जास्त दिसतो, पुढे तो कमी कमी होत जातो. काही वर्षांनी रंग थोडा परतही येऊ शकतो. तरी उपचाराला अर्थ आहे, कारण उपचार न केलेला डाग बहुधा वयाबरोबर गडद आणि जाड होत जातो, त्यावर गाठी येऊ शकतात, जरा नख लागलं की रक्त वाहू शकतं. हे सगळं आधीच कळलेलं माणूस निराश होत नाही. ज्याला "सहा सीटिंगमध्ये गॅरंटी" असं सांगितलेलं असतं, ते मध्येच सोडून देतं.

म्हणून फोटो ठेव. त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून, पावडर न लावता. रोज आरशात बघून फरक कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की कळतो. सलग दोन-तीन सीटिंगनंतरही फोटो सारखेच दिसू लागले, तर थांबायचं की यंत्राची मात्रा बदलायची हे डॉक्टरांना विचार. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. खर्च किती, सीटिंग किती, किती फिका होईल, सगळं तोंडावर विचारायचं.

आपल्या सावळ्या कातडीची एक अडचण आहे. तिच्यातलं मेलॅनिनही हा प्रकाश शोषतं, त्यामुळे भाजण्याची आणि काळे-पांढरे चट्टे पडण्याची शक्यता गोऱ्या माणसापेक्षा जास्त. म्हणून डॉक्टर आधी छोट्या जागी चाचणी घेतात, मात्रा बेताची ठेवतात, थंडावा वाढवतात. उन्हाने रापलेल्या गालावर लेझर करत नाहीत, तारीख पुढे ढकलतात. तू वेवजीहून उंबरगावला स्कूटीवर जातेस, सुट्टीत चिकूच्या वाडीत हात लावतेस, झाईच्या किनाऱ्यावर भटकतेस. किमान 30 एसपीएफचं सनस्क्रीन निघण्याआधी लाव आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लाव. ओढणी तोंडावर घे, पण ती उन्हासाठी. लोकांसाठी तोंड झाकायची तुला गरज नाही.

वेवजीहून वापी जवळ आणि मुंबई लांब, हे मला ठाऊक आहे. जवळ जायला माझी हरकत नाही, पण केस काढायच्या यंत्रावर "सगळे डाग काढतो" म्हणणाऱ्या पार्लरची पायरी चढू नकोस. त्वचारोगतज्ज्ञ हवा, आणि यंत्र रक्तवाहिन्यांसाठीचं आहे का हे विचारून घे. पैशाचं कोडं असेल तर दादाला तलाठ्याकडून तलाठी अहवाल आणि तलासरीच्या तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढायला सांग. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकाला भेटल्याशिवाय बिलाच्या खिडकीवर जायचं नाही.

तुझा डाग खालच्या पापणीपर्यंत आहे, म्हणून डोळ्याचा दाब वर्षातून एकदा तपासून घे. डोळ्याजवळ डाग असला की काचबिंदूचा धोका असतो आणि तो दुखून सांगत नाही. पापणीवर लेझर करताना डोळ्यात संरक्षक कवच घालतात. ते घातल्याशिवाय हात लावू देऊ नकोस. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांना डागाबद्दल आधी सांग.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. घरात बोलणं चाललंय की पाहुणे यायच्या आत गाल स्वच्छ व्हायला हवा. लग्नाची तारीख गाठायला लेझर करू नये. दोन सीटिंगमध्ये काही आठवडे जावेच लागतात, घाई केली तर कातडीच बिघडते. डागामुळे जो नकार देईल, त्याचा नकार लवकर कळलेला बरा. मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावर असाच ठळक डाग होता, आणि 1985 ते 1991 या काळात सोव्हिएत संघाचं नेतृत्व त्यांनी तो डाग घेऊनच केलं. तुला गाल फिका करावासा वाटतो ना? मग तेवढं कारण पुरे आहे. उद्या करावासा वाटला नाही, तर थांबण्यालाही तेवढंच कारण पुरे. हा निर्णय दादाचा नाही, वहिनींचा नाही आणि माझाही नाही.

आणखी एक काम सांगते. गावात एखाद्या बाळाला असा डाग दिसला, तर आशाताईंना सांग. मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत येतं. डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळा आणि मेंदू लवकर तपासायला हवा, आणि लहानपणी कातडी पातळ असते म्हणून लेझरचा उपयोगही जास्त होतो. तुझ्या वेळी हे सांगायला कुणी नव्हतं. त्या बाळाच्या आईला तू सांग.

दादा-वहिनींना नमस्कार. पुढच्या सीटिंगआधी डोळ्याचा दाब तपासून घे आणि काय निघालं ते मला कळव.

तुझी,
आत्या