औजारांची टंचाई व मुठ्याची भातशेती

औते व खते यांची टंचाई आमच्या शेतकीस नवी नाही. 1914 ते 1918 च्या महायुद्धात परदेशी लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नांगरांकरिता किर्लोस्करांस जुन्या तोफा दिल्या. जुलै 2020 मध्ये पॉवर टिलरच्या आयातीवर निर्बंध आले. मे 2021 मध्ये डीएपीच्या पोत्याची मूळ किंमत 2400 रुपयांवर गेली. ते शेतकऱ्यास 1200 स मिळावे म्हणून उरलेला निम्मा भार सरकारास सोसावा लागला. सारांश, दूरदेशची उलथापालथ मुठ्याच्या भातखाचरापर्यंत पोहोचते.

भाव आपल्या हाती नाहीत. गरज कमी करणे मात्र हाती आहे. लहान खाचराकरिता एकट्याने यंत्र घेणे म्हणजे वर्षातील बहुतेक दिवस भांडवल पडवीत ठेवणे होय. म्हणून चार-पाच घरांनी मिळून ते घ्यावे आणि चिखलणीचा क्रम मृगापूर्वीच लिहून ठरवावा; पाऊस आल्यावर ठरविल्यास तंटा होतो. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलात गाडावा. लावणी नियंत्रित अंतराने करून जवळच्या चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचावी. असे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, व थोडक्यात भागते.