बुरडाचा कोयता आणि आपली 'स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स'

पारंपरिक कला म्हटलं की आपल्याला काचेच्या कपाटातल्या शोभेच्या वस्तू आठवतात. मी लिहितेय ते साध्या सूप-टोपलीबद्दल. अमरावती-अकोल्याकडे तूर, ज्वारी पाखडायला सूप लागतं आणि ते विणतो बुरूड.

बांबू चिरताना तो बाहेरची हिरवी बाजू वेगळी काढतो आणि आतला मऊ भाग वेगळा. जिथे ताण जास्त तिथे बाहेरची कामटी. ('कामटी' हा शब्दही आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना नवाच!) कारण सोपं आहे. बांबूचे तंतू बाहेरच्या कडेला दाट असतात, आत विरळ. बीम वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरात येतो, हे आपण पाठ करतो. बांबूने मटेरिअल नेमकं तिथेच ठेवलंय. गाठींमुळे नळी चेपत नाही. पण उभा मात्र तो पटकन चिरतो, म्हणून बुरूड खिळा न ठोकता बांधतो. बांबूच्या बांधकामात जोड हीच आजही अवघड गोष्ट आहे. या बांधकामासाठी आय.एस. १५९१२ हे भारतीय मानक २०१२ साली आलं.

मग एवढं कळणाऱ्याच्या हाती पैसा का नाही? एक तर कच्चा माल. बांबू हे गवत, पण १९२७ च्या वन कायद्यात ते 'झाड' होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं आणि वनाबाहेरचा बांबू 'झाडा'तून सुटला तो २०१७ च्या दुरुस्तीने. दुसरं म्हणजे भुंगा. बांबूतल्या स्टार्चवर तो जगतो आणि टोपलीचं पीठ करतो. पण खरी अडचण भावाची. प्लास्टिकची टोपली साच्यातून मिनिटाच्या आत बाहेर पडते आणि बांबूच्या टोपलीचा भाव तीच ठरवते. विणायला किती वेळ गेला, हे कोणी विचारत नाही.

मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. (सुनीलजी २०२१ मध्ये गेले.) तिथे कोरकू तरुण राख्या, फर्निचर, बांबूची घरंसुद्धा करायला शिकले. राखीला कामटीचा लहानसा तुकडा पुरतो आणि तिची तुलना प्लास्टिकच्या टोपलीशी होत नाही. माझ्या मते धडा इथे आहे. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केली की भुंगाही लागत नाही.

'परंपरा जपा' असं आपण म्हणतो, पण जपायची कोणी? बुरूडकाम जातीला चिकटलेलं आहे. आपण पुण्याला कॅम्पस इंटरव्ह्यू द्यायचे आणि दुसऱ्याच्या मुलाने कोयता धरायचा? बाजारात एका काकांशी बोलले, ते म्हणाले, "पोराले मीच म्हणतो, शिक. हात कापून घ्याले मी हाओ ना!" हाताला जखमा होतात त्या विणताना नाही, चिरताना.

चिरायच्या मशीन मिळतात, पण ताऱ्यासारख्या पात्याला सरळ, पोकळ बांबू बरा पडतो. आपल्याकडचा मानवेल बराचसा भरीव आणि वाकडा, त्यामुळे कामट्या सारख्या निघत नाहीत. मेकॅनिकलवाल्यांनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर हा घ्या. पातं कसं असावं, हे विचारायला बाजाराच्या दिवशी जा. दुपारनंतर काका मोकळे असतात.